मागच्या सीटचं वजन

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून पुरती वाकत नाही, म्हणून नमस्कार तूर्त मनानेच घातला आहे, कंबरेची हकीगत पुढे येईलच.) इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे हे मुद्दामच विचारत नाही. तुम्ही 'उत्तम' एवढंच लिहिणार, खरं काय ते वहिनी हिला फोनवर सांगणार आणि ही मला जेवताना सांगणार, हा आपल्या घरातला ठरलेला रस्ता आहे. त्या रस्त्याने असं कळलं की तुम्ही हल्ली दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून ढग बघत बसता आणि कुणी बोलायला आलं की वर्तमानपत्र उघडता. दादा, डॉक्टरांनी तुम्हाला ग्लायडर चालवायला बंदी केली आहे, माणसांशी बोलायला नाही. त्यांची चिठ्ठी एकदा पुन्हा नीट वाचून बघावी.

तुम्ही क्लबच्या मैदानाकडे पाठ फिरवलीत आणि इकडे माझी काय दशा झाली, ते आता ऐका. बारा वर्षं आपण त्या दोन सीटांच्या, बिनइंजिनाच्या ग्लायडरमध्ये बसलो, मी पुढे आणि तुम्ही मागे. दांडी माझ्या हातात. तुम्ही मागून सांगायचं, टकल्या टेकडीच्या डावीकडून घे, सासूच्या दातापाशी गरम हवा वर येत असेल, तिथे गोल फिर, पुरे झालं, आता पळव. इतकी वर्षं मला प्रामाणिकपणे वाटत होतं की ग्लायडर मी चालवतो. तुम्ही यायचे थांबल्यावर पहिल्यांदा एकटा वर गेलो तेव्हा लक्षात आलं की मला फक्त दांडी धरता येते. कुठे जायचं ते मागच्या सीटला ठाऊक होतं. मैदानाभोवती दोन घिरट्या घालून मुकाट्याने खाली उतरलो आणि सगळ्यांना सांगितलं की वारा बरोबर नव्हता.

आपल्या मास्तरांनी ते ओळखलं. (मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत आणि आता उडायला शिकवतात. ओरडण्यात काही फरक पडलेला नाही.) त्यांनी मला सगळ्यांसमोर बजावलं की हा हंगाम संपायच्या आत आपली नेहमीची फेरी, म्हणजे टकल्या, सासूचा दात, तळं आणि परत मैदान, एवढी पुरी करून दाखव, नाहीतर पुढच्या हंगामात पुन्हा शिकाऊ पोरांच्या रांगेत उभा राहा. जाताना एकतर जाणतं माणूस मागे बसव, नाहीतर रस्ता दाखवणारा प्रोग्रॅम एखाद्या यंत्रावर नीट बसवून आण. जाणत्या माणसाला मी आधी विचारलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. जाणतं माणूस म्हणालं, "हात मांडीवर ठेवून बसायला मी काय पाहुणा आहे?" आणि फोन ठेवून दिला. म्हणून मग प्रोग्रॅम.

यंत्र म्हणजे तुमचाच टॅब. निवृत्त होताना कचेरीतल्या मंडळींनी तुम्हाला दिलेला, आणि ज्यांना खिडकीतून बाहेर बघता येत नाही त्यांची ही खेळणी, असं म्हणून तुम्ही मोज्यांच्या खणात ढकललेला. वहिनींनी तो मध्यंतरी आमच्याकडे पाठवला. (तुम्हाला विचारूनच पाठवला असं त्या सांगतात. तुम्ही तेव्हा वर्तमानपत्राच्या मागे होता आणि 'हं' म्हणालात.) प्रोग्रॅम टॅबमध्ये उतरवून घ्यायला काही त्रास पडला नाही. उतरल्यावर मात्र तो प्रश्न विचारू लागला, आणि ते असे की आमचं लग्न ठरताना हिच्या काकांनीसुद्धा माझी इतकी चौकशी केली नव्हती. ग्लायडर कोणतं, पंख केवढे, उंची फुटांत सांगू की मीटरांत, वारा कशात मोजू, आत बसणाऱ्यांची वजनं किती, घर कुठे. जेवणाच्या टेबलावर बसून ही चष्मा लावून एकेक प्रश्न वाचत होती आणि मी भराभर उत्तरं भरत होतो. 'घर कुठे' याच्यापाशी मी 'इथेच' असं बटण दाबलं. त्याने क्षणभर विचार केला आणि कळवलं की आपण घरी पोचलेला आहात, उंची शिल्लक तीन मजले.

घर म्हणजे त्याच्या भाषेत धावपट्टी, हे मला दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून कळलं. तोवर मी कुठूनही निघालो तरी तो मला आमच्या गच्चीवर उतरवायला तयार होता, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी यांच्या मधोमध. हिचं मत असं पडलं की ते तसंच राहू द्यावं. मैदानावरून इकडेतिकडे न रेंगाळता थेट घरी या, हे माझ्याकडून करवून घेणं तिला लग्नापासून जमलं नाही; यंत्राने जमवलं तर तिची हरकत नव्हती. मी ते बदललं, पण बदलताना मला थोडं वाईट वाटलं हेही खरं.

पुढची भानगड तुमच्यामुळे झाली. वाटेतल्या वळणाच्या जागा प्रोग्रॅमला सांगाव्या लागतात. त्याच्याकडे इथली प्रत्येक टेकडी आणि प्रत्येक धुराडं नावानिशी आहे, पण ती सरकारी नावं. तुम्ही पाडलेल्या नावांतला टकल्या कोण आणि सासूचा दात कोणता, हे त्याला कसं ठाऊक असणार? आणि मला त्यांची दुसरी नावं कधी कुणी सांगितलीच नाहीत. तेव्हा आम्ही एका सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढली, टॅब हिच्या पर्समध्ये घातला आणि एकेका जागी जाऊन, खाली जमिनीवर उभं राहून 'इथेच' हे बटण दाबायचं ठरवलं. टकल्यावर चढून गेलो तर तिथे वनखात्याने लावलेली रोपं कंबरेइतकी वाढलेली. टकल्याला केस आलेत, आता नाव बदलायला हवं, असं ही म्हणाली. सासूचा दात म्हणजे बंद पडलेल्या वीटभट्टीचं धुराडं निघालं. तिथल्या राखणदाराने आम्हाला हटकलं, तेव्हा हिने त्याला सगळं खरं खरं सांगितलं: यांचे थोरले भाऊ याला सासूचा दात म्हणतात आणि आम्ही तो यंत्रात भरायला आलो आहोत. तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने आम्हाला सावलीत बसवून पाणी दिलं.

आणि मग तळं. दादा, हे वाचताना खुर्चीत नीट बसा. त्या जागी तळं नाही. कधीच नव्हतं. आपण बारा वर्षं ज्याच्यावरून वळत आलो ते एका शीतगोदामाचं छप्पर आहे, निळ्या पत्र्याचं. मी त्याच्या फाटकासमोर उभा राहून बटण दाबलं. आत बटाट्याची पोती उतरवत होते. पाण्यावरची हवा थंड असते, तिथे रेंगाळलास तर खाली बसशील, असं म्हणून तुम्ही दर वेळी मला तिथून घाईघाईने पिटाळत आलात. तापलेल्या पत्र्यावरून हवा जोराने वर उठते हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. म्हणजे त्या अख्ख्या भागात उंची मिळवायची जी सगळ्यात चांगली जागा, तिथून आपण बारा वर्षं पळ काढत होतो. मी चष्मेवाला माणूस आहे, तुमचा नंबर बदलला आहे असं कितीदा तरी सांगितलं, तुम्ही माझ्या दुकानात पाऊल टाकलं नाहीत. पण तुम्हाला एकट्याला दोष कसा देऊ? मी तर पुढे बसत होतो आणि मलाही तिथे तळंच दिसत होतं. तुम्ही तळं म्हटलंत की ते तळं.

सगळं भरून झाल्यावर टॅब दुकानात नेला, म्हणजे गिऱ्हाईक नसेल तेव्हा सराव करता येईल. प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हा आहेत, एक खरं उडायची आणि एक लुटुपुटूची. लुटुपुटूचं ग्लायडर सोडलं आणि एक बाई नंबर काढायला आल्या. त्यांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, मग त्यांनी दुकानातल्या सगळ्या फ्रेमा घालून पाहिल्या आणि पहिलीच पसंत केली. मग एकाच्या चष्म्याची दांडी निसटली होती ती बसवली. टॅब काउंटरवर पडून होता. दुकान बंद करताना बघतो तर मी समुद्रावर. सरळ रेषेत, तसूभरही खाली न येता, जमीन संपवून पुढे गेलेला. घरी येऊन हिला मोठ्या अभिमानाने दाखवलं. ती म्हणाली, समुद्रापर्यंत जाऊन आलात ते ठीक, दूध आणायचं राहिलं. दुकानात असताना आणखी एक गोष्ट व्हायची. दुपारी पडद्यावर मधूनच एक गोळीचं चित्र यायचं आणि खाली 'घेतली' असं बटण. औषध कंपनीची जाहिरात असेल असं समजून मी ते रोज दाबून घालवत असे. हे लक्षात ठेवा.

टॅब मांडीवर बांधायला हिने शाळेच्या गणवेशांच्या उरलेल्या चौकड्यांच्या कापडाची पिशवी शिवली, इलास्टिकवाली, वर नावाची पट्टीसुद्धा लावली. (शिवणयंत्रावर बसली की ती कुणालाही इयत्ता चौथीतलाच समजते.) तर असा नटूनथटून मी परवाच्या रविवारी पुढच्या सीटवर बसलो. यंत्राचं पीं पीं नीट ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण मोठा केला, प्रोग्रॅमला खरं उडायच्या तऱ्हेवर टाकला, मास्तरांनी झाकण लावलं, दोराने ओढून मला वर फेकलं आणि मी निघालो.

काय सांगू दादा, अगदी सुरळीत चाललं होतं. टकल्या आला, त्याच्या डावीकडून घेतलं. सासूच्या दातापाशी थोडी उंची मिळाली. मग निळं छप्पर आलं. नेहमीच्या सवयीने माझा हात वळायला निघाला होता, पण मी मन घट्ट करून त्याच्यावरच गोल फिरत राहिलो, आणि जी हवा लागली म्हणता, कुणी खालून तळहातावर उचलून धरावं तसं ग्लायडर वर जात राहिलं. बारा वर्षांत एवढी उंची आपल्याला त्या बाजूला कधी मिळाली नव्हती. मला इतका आनंद झाला की मान वळवून मी तुम्हाला म्हणालो, "बघा, तळं वर ढकलतंय." मागची सीट रिकामी होती. पट्टे आवळून बांधून ठेवले होते, कुणी नसलं की ठेवतात तसे. मी पुन्हा पुढे बघायला लागलो, पण त्यानंतर ती उंची मला काही फारशी गोड लागली नाही.

परतीच्या वाटेवर गडबड सुरू झाली. पडद्यावर एक बाण असतो, तो वेग वाढव की कमी कर ते सांगतो. तो सारखा वाढव, वाढव म्हणू लागला. मला त्याची हुकूम सोडायची तऱ्हा ओळखीची वाटली आणि मी बारा वर्षांच्या सवयीने निमूट ऐकलं. पळवत राहिलो आणि उंची भराभर संपत गेली. मैदान समोर दिसत होतं, तिथे नेमक्या किती उंचीवर पोचणार ते बघायला मी पडद्याकडे पाहिलं, आणि नकाशा गेला. त्याच्या जागी ती गोळी आली, पडदाभर. आणि पाठोपाठ, पूर्ण मोठ्या आवाजात, वहिनी: "अहो, गोळी घेतलीत का? नुसतं हो म्हणू नका. रिकामा ग्लास दाखवा." दादा, मी खरोखर इकडेतिकडे ग्लास शोधला. मग भानावर येऊन 'घेतली' दाबलं. नकाशा परत आला तोवर मैदानाचं कुंपण माझ्यापेक्षा उंच दिसायला लागलं होतं.

कुंपणाच्या अलीकडे गुरांच्या चाऱ्याचं शेत आहे, त्यात उतरलो. ग्लायडरला ओरखडासुद्धा नाही, उंच गवतात अलगद बसलं. शेवटच्या दणक्याने माझी कंबर तेवढी धरली. शेताच्या मालकीणबाई हातात विळा घेऊन आल्या, त्यांनी ग्लायडरला एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "हे नेणार आहात, की याच्या भोवतीनं कापू?" तोवर मास्तर, ही आणि निम्मा क्लब कुंपणावरून चढून येत होता.

मास्तरांनी माझ्या मांडीवरच्या चौकड्यांच्या पिशवीतून टॅब काढला आणि उभ्या उभ्या सगळं तपासलं. मग म्हणाले, "मागे कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग हे ब्याऐंशी किलो कुणाचे?"

ही माझ्या बाहीवरचं गवत काढत होती, ती न बघताच म्हणाली, "दादांचे."

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. (फडकं मी स्वतः दिलं आहे. वापरत नाहीत.) मग मला समजावून सांगितलं, आणि या खेपेला ओरडले नाहीत. वजनदार ग्लायडर जास्त वेगाने पळवावं लागतं. यंत्राला वाटत होतं आत दोघं आहेत, म्हणून ते मला पळव म्हणत होतं, आणि मागे काहीच नसल्यामुळे त्या वेगाला उंची उगाच खर्ची पडत होती. प्रोग्रॅमने त्या संध्याकाळी विचारलं होतं, आत बसणाऱ्यांची वजनं किती. मी दोन्ही भरली होती. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नव्हतं. त्या ग्लायडरमध्ये बसणारे दोघेच आहेत. मास्तर म्हणाले, ते वजन काढून टाक, येत्या रविवारी हंगामाचा शेवटचा दिवस आहे, ग्लायडर तुझ्या नावावर ठेवतो, पुन्हा जा. मी हो म्हटलं.

तर एकूण सांगायचं असं, की यंत्र आता व्यवस्थित झालेलं आहे. टकल्या, दात, छप्पर सगळं जागच्या जागी आहे, वहिनींची गोळी कशी बंद करायची तेही हिला सापडलं आहे, आणि तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. तुम्ही निवांत ढग बघावेत. वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. ही आताच पत्र वाचून गेली. तिचं म्हणणं, गोळीचं स्पष्ट लिहा. तर ते 'घेतली' बटण जाहिरात नव्हती. तो गजर तुमच्या लेकीने वहिनींच्या आवाजासकट त्या टॅबवर लावून ठेवला होता, आणि बटण दाबलं की तिला निरोप जातो. तेव्हा तिच्या हिशेबी तुम्ही गेले कित्येक दिवस अगदी वेळच्या वेळी गोळ्या घेत आहात आणि तिने त्याबद्दल ऑफिसात तुमचं कौतुकही केलं आहे. त्या सगळ्या मी माझ्या दुकानात घेतल्या आहेत. काल हिने वहिनींना खरं सांगून टाकलं. घरात आज वातावरण कसं असेल याची मला कल्पना आहे. क्षमा असावी, आणि गोळी घ्यावी.

ता. क. दुसरा. वहिनींनी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं आहे. चालवायचं नाही, नुसतं बसून जायला हरकत नाही, मात्र गोळ्या नियमित हव्यात. (खऱ्या. त्या आता पाकीट हातात घेऊन मोजणार आहेत.) त्यांनी शनिवारच्या गाडीची दोन तिकिटंही काढली आहेत. तुम्ही तेव्हा वर्तमानपत्रामागे होता आणि 'हं' म्हणालात.

ता. क. तिसरा. हात मांडीवर ठेवून बसायला तुम्ही पाहुणे नाही हे मला मान्य आहे. पण दादा, बारा वर्षं तुम्ही हातांनी असं काय केलंत? तोंडाने चालवत होता, आणि तोंडाला डॉक्टरांनी बंदी केलेली नाही. मला एकट्याला जाता येतं, ते आता कळलं. मला एकट्याला जायचं नाही, तेही त्याच छपरावर कळलं.

ता. क. शेवटचा, आणि खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच. मास्तरांना मी हो म्हटलं असलं तरी ते ब्याऐंशी किलो मी काढलेले नाहीत. आकडा आठ महिन्यांपूर्वीचा आहे आणि यंत्राला नेमका लागतो. उत्तर लांबलचक लिहू नका, रागावून तर मुळीच नको. वहिनींसमोर काट्यावर उभे राहा आणि आत्ताचं वजन तेवढं कळवा.